तपासल्याबिगर येडी कसं म्हणता?

नर्सबाईच्या दारात माणूस येतो तो काहीतरी घेऊन जायला. आमच्या खेड्यात तर ठरलेलंच होतं. कुणाला सुई पाहिजे, कुणाला लाल औषध. एक म्हातारबा होते, त्यांना नुसतं थर्मामीटर पाहिजे असायचं. "बाई, ती काच लावा जरा जिभंखाली. कालच्यानं लई बरं वाटलं." ताप नसायचा, पण मी लावायची. डोळे मिटून बसायचे, उठताना आशीर्वाद द्यायचे. त्या औषधानं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या बाईची हकीकत सांगणार आहे ती अजून तिथंच राहते. डोंगरकडा गावापासून पायवाटेनं आत जावं लागायचं एवढं सांगते. आज तो भाग हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणीत होता. एका खोलीचं उपकेंद्र, पाठीमागं मला राहायला दुसरी खोली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी ट्रेनिंग करून पहिल्यांदाच एकटी राहायला आलेली.

लोकांना वाटतं नर्स म्हणजे डॉक्टरामागं ट्रे घेऊन उभी राहणारी. खेड्यातल्या नर्सचं काम वेगळं. बाळंतपणं, लेकरांना लस, विहिरीत पावडर, घरोघरी फिरून कुणाला दिवस गेलेत, कुणाचा खोकला थांबेना याची चौकशी. आणि वरून आलेलं कुटुंबनियोजनाचं टार्गेट, ज्यापायी मला पाहून बाया पदर ओढून मागल्या दारानं पसार व्हायच्या. गावच्या सुईणीला मी सवतच वाटायची. बाळंतीण अडली की ती मला म्हणायची, "बाई, तुमी पाणी उकळा." पाणी उकळून येईस्तोवर हिनं बाळ बाहेर काढलेलं असायचं. पुढं आमची गट्टी जमली, पण त्याला दोन वर्षं लागली.

आणखी एक. आम्ही बौद्ध. मोठ्या घरांमधून माझी पिशवी ओट्यावरच थांबायची. बाळंतपणाला मात्र आतल्या खोलीपर्यंत जाऊ द्यायचे, आणि हात धुवायला पाणी वरून ओतायचे. मी धुवायची. लेकरू जगलं की माझं काम झालं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. राग नव्हता असं मात्र नाही.

शाळेच्या वरांड्यात लस टोचायचा दिवस होता. लेकरं एकाच सुरात रडत होती, आया एकमेकींना हाका मारत होत्या. त्यात एक तरणी बाई आपली तीन वर्षांची पोरगी घेऊन उभी. तिची पाळी आली तसं तिनं पोरगी माझ्या पुढ्यात ठेवली, दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि पळत सुटली. बाया खदाखदा हसल्या. तिच्या सासू सरूबाई पुढं आल्या, पोरगी उचलून म्हणाल्या, "टोचा बाई. ती तशीच हाय. डोकं फिरलेलं हाय तिचं."

ती धुरपता. गावातल्या बऱ्या शेतकरी घरातली मधली सून.

दुपारी सगळे पांगल्यावर ती परत आली. माझ्याकडं न बघता माझ्या मागच्या भिंतीकडं बघत उभी राहिली.

"बसा," मी म्हणाले.

"बसायला न्हाई आले. मला काय झालंय त्याचं नाव सांगा."

मला वाटलं दिवस गेलेत. पाळीची चौकशी केली. ती म्हणाली, "ते न्हाई. ते मला कळतं. हे दुसरं."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. आवाजात चढउतार नाही, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. लग्नात बँड वाजायला लागला तशी ती मांडवातून उठून कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसली होती. नवं लुगडं अंगाला टोचतं, म्हणून जुनीच नेसते. हातातल्या बांगड्या वाजतात, म्हणून दोऱ्यानं एकमेकींना बांधून ठेवते. चार बाया एकदम बोलायला लागल्या की एकीचंही कळत नाही. माणसाच्या डोळ्यांत बघितलं की बोलणं ऐकू येईनासं होतं. लहानपणापासून असंच. आणि तोंडावर खरं बोलते. शेजारीण वाटीभर गूळ घेऊन आली तर ही तिला म्हणाली, "तुमचं लेकरू दोन महिने खोकून राहिलं. गूळ काय वाटता, दवाखान्यात न्या." तेव्हापासून त्या घरचं बोलणं बंद.

"देवर्षी झाला," ती म्हणाली. "मिरच्यांची धुरी दिली. वारं हाय म्हणाले. धुरीनं दुसऱ्या कोणालाबी खोकला येईल. त्यानं काय कळलं?"

"आता घरचे काय म्हणतात?"

"गहू निघाले की भाऊ येणार हाय न्यायला. कायमचं. माझी पोरगी शोभी हितंच राहणार. येडीच्या हाती लेकरू ठिवत नसत्यात म्हणे."

ट्रेनिंगमध्ये डोक्याच्या आजारांवर एकच तास झाला होता, आणि त्याचं सार एवढंच, की असा रुग्ण आला तर वरिष्ठांकडे पाठवावा.

धुरपता भिंतीशीच बोलत होती. "मी येडी असंन तर तसं सांगा. पोरीला सोडून जाईन. नसंन तर न्हाई जायची. कावीळ झाली तर तुमी डोळे बघता, लघवी बघता, मग कावीळ म्हणता. मला तपासल्याबिगर येडी कसं म्हणून राहिले समदे?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी तिच्याबरोबर निघाले.

पहिले आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब. भला माणूस, पण बाहेर रांग लागलेली. नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, म्हणाले, "हिस्टेरिया. अशक्तपणा आहे. आणखी एक मूल होऊ द्या, आपोआप शांत होईल." पिवळ्या गोळ्यांची पुडी दिली.

धुरपता पुडीकडं बघत म्हणाली, "हे औषध हाय. मी नाव विचारलं."

"सांगितलं ना, हिस्टेरिया."

"त्यात काय काय होतं?"

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. चक्कर येते, दातखिळी बसते, हातपाय वाकडे होतात. धुरपतानं एकेक ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यातलं मला एकबी होत न्हाई. मग ते नाव माझं न्हाई." साहेब हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, त्या घराच्या भानगडीत पडू नका. तिच्या सासऱ्याची वर ओळख आहे."

दुसऱ्यांदा नांदेडला गेलो. या वेळी तिचा नवरा माधव बरोबर आला. बोलायला कमी, बायकोच्या दोन पावलं मागं चालणारा माणूस. तिथल्या खासगी डॉक्टरांनी सगळे प्रश्न माधवलाच विचारले. ही जेवते का, झोपते का, मारायला धावते का. धुरपता समोर बसलेली, पण तिला एक शब्द विचारला नाही. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तिनं त्या सांगितल्याप्रमाणं घेतल्या. दिवसभर भिंतीला टेकून पडायची. एकदा शोभा खेळता खेळता चुलीपर्यंत गेली, जावेनं धावत जाऊन ओढलं. त्याच दिवशी धुरपतानं उरलेल्या गोळ्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

"या वापस घ्या. निजलेल्या माणसाला येडं म्हणता येत न्हाई, हे बराबर हाय. पण शहाणंबी म्हणता येत न्हाई."

पाठोपाठ सरूबाई आल्या. उपकेंद्राच्या दारातच उभं राहून त्यांनी माझा उद्धार केला. "तुमी काहून हिच्या नादी लागल्या? तुमाला लेकरू न्हाई, बाळ न्हाई, तुमाला काय कळतं? माझ्या नातीला कायी झालं असतं तर?" गाव ऐकत होतं. मी एवढंच म्हणाले, "आत्याबाई, मलाबी नातीचीच काळजी आहे. एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू. तिथं वेडी म्हणाले तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही." त्या तणतणत गेल्या. दोन दिवसांनी वरून तोंडी निरोप आला, की माझी तक्रार झालेली आहे.

खरं सांगते, त्या निरोपानंच माझं ठरलं. तोवर मी धुरपतासाठी जात होते. आता माझ्यासाठीही जायचं होतं.

ट्रेनिंगच्या आमच्या मेट्रनबाईंकडून कळलं, की औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीण आल्या आहेत आणि त्या रोग्याशी बोलतात. 'रोग्याशी बोलतात' हे मेट्रनबाईंनी ज्या सुरात सांगितलं, त्यावरून ही गोष्ट किती दुर्मिळ होती ते ओळखा.

माधवला गाठायला मी शेतात गेले. तो हरभऱ्याला पाणी देत होता.

"आणखी एकदा?" तो म्हणाला. "बाई, मला बी काय कळंना. ती माझ्याशी नीट वागती. खोटं बोलत न्हाई. रानात माझ्या बराबरीनं काम करती. घरात गेलं की माय म्हणती येडी, दादा म्हणत्यात येडी. मी कोणाचं ऐकू?"

"तिचं ऐका एकदा. ती म्हणते तपासा."

त्यानं वाफ्याचं तोंड मातीनं बुजवलं. मग फावडं टेकवून म्हणाला, "चला."

नांदेडहून गाडीनं गेलो. कोळशाचं इंजिन, डब्यात हीऽ गर्दी. शिट्टी झाली की धुरपता अंग आकसून घ्यायची. पूर्णा येईस्तोवर तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पिशवीतला कापूस काढला, दोन बोळे केले आणि कानात घालायला दिले. तिनं घातले. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. शोभीला तिनं मांडीवर घेतलं, खिडकीबाहेर बघितलं. मग एक बोळा काढून मला म्हणाली, "हे पयलेच काहून न्हाई दिलं?"

सुचलं नाही, म्हणून. इतका साधा उपाय, आणि मला सुचला नव्हता. डॉक्टरांनाही नाही.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या. सुती पातळ, चष्मा. त्यांनी माधवला आणि मला बाकावर बसवलं आणि धुरपताला समोरची खुर्ची दिली. ती सवयीनं तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागली. मी मनात म्हटलं, झालं. पण डॉक्टरीणबाई उठल्या, स्वतःची खुर्ची उचलून तिच्या शेजारी ठेवली आणि त्याही भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"आता बोला," त्या म्हणाल्या.

धुरपता बोलली. मी तिला एवढं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई मधे मधे विचारायच्या. लहानपणी कशाशी खेळायचीस, कुणी जवळ घेतलं तर काय वाटायचं, शोभीला जवळ घेताना काय वाटतं. यावर ती म्हणाली, "शोभीचं वजन मला ठावं हाय. तिचं टोचत न्हाई."

शेवटी त्या म्हणाल्या, "तुझं लहानपण पाहिलेलं कुणी आहे का? मला त्यांच्याशी बोलायचंय."

म्हणजे परत एक खेप. आई आखाडा बाळापूरला मुलाजवळ राहत होती. तिला राजी करायला धुरपता एकटी चालत गेली. आवाजाच्या भीतीनं बाजाराच्या दिवशी घराबाहेर न पडणारी बाई, ती भर बाजारातून माहेरी पोचली. भावानं दारातच विचारलं, "तू कशी आली? मी येणार हुतो ना न्यायला." ती म्हणाली, "तुला न्हाई भेटायला आले. मायला न्यायला आले."

आईनं डॉक्टरीणबाईंना पदरानं डोळे पुसत पुसत सगळं सांगितलं. पोरगी चार वर्षांची होईस्तोवर बोलली नाही. चिंचोके ओळीनं मांडायची, कुणी एक हलवला तर दिवसभर रडायची. वेणी घालताना किंचाळायची. "तिचा बाप म्हणायचा, राहू दे, तिला जमंल तसं जगू दे. तो गेला आन समद्यांनी तिला सरळ करायचा नाद घेतला."

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, "याला ऑटिझम म्हणतात असं मला वाटतं. मराठीत काय म्हणावं... स्वतःत मग्न असणं."

"मी कुठं मग्न असते?" धुरपता लगेच म्हणाली. "मला तर समद्यांचं समदं ऐकू येतं. एकदमच येतं. तकलीफ तर तीच हाय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात फक्त लेकरांचं लिहिलंय. ती लेकरं मोठी होऊन कशी होतात, हे लिहिणाऱ्यांनी फारसं पाहिलेलंच नाही. त्यामुळं तुझ्या केसपेपरवर मी ते नाव लिहिलं तर इथले वरिष्ठ खोडून टाकतील. मोठ्या माणसाला ते देत नाहीत."

"पण तुमाला वाटतंय ना?"

"वाटतंय."

"आन मी येडी हाय का?"

"नाही. अजिबात नाही. हे जन्मापासून आहे, जन्मभर राहील. कुणाला लागायचं नाही. लेकरू सांभाळायला तू इतर आयांइतकीच लायक आहेस. मी तशी चिठ्ठी देते."

"चिठ्ठी नको. आमच्या घरी वाचता येणारं कोणी न्हाई," धुरपता म्हणाली आणि माधवकडं हात केला. "यांना सांगा. आता म्हणल्या तसंच सांगा. मी हितं उभी राहते."

डॉक्टरीणबाईंनी माधवला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तो उभ्यानंच ऐकत होता. एकदाच विचारलं, "मंग गोळी कायी न्हाई?" त्या म्हणाल्या, "गोळी नाही. गोंगाट कमी करा. आणि तिला घाई करू नका." तो म्हणाला, "एवढंच व्हय?" त्या 'एवढंच'मध्ये सुटका होती, आणि वाया गेलेल्या वर्षांची चीडही असावी.

गहू निघाले. भाऊ बैलगाडी घेऊन आला. सासऱ्यांनी भावकीतली चार माणसं बोलावली होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी शेजारच्या घरी लेकराचं वजन करायच्या निमित्तानं ओट्यावर जाऊन बसले आणि सगळं पाहिलं, ऐकलं.

सासरे म्हणाले, "सामान भरा."

धुरपता शोभीला कडेवर घेऊन बाहेर आली. ओसरीच्या खांबाकडं तोंड करून उभी राहिली. पुरुषमाणसांत सून बोलायची तेव्हा रीत नव्हती.

"मी तपासून आले," ती म्हणाली. "मी येडी न्हाई. मला आवाज जास्ती येत्यात आन माणसं कमी कळत्यात. हे जल्मापासून हाय. कोणाला लागत न्हाई. शोभी माझी हाय. मी जाणार न्हाई."

सरूबाई म्हणाल्या, "ऐका! म्हणं आवाज येत्यात. म्या काय सांगून राहिले मग?"

भावकीतला एक जण हसला. सासऱ्यांनी माधवकडं बघितलं. "तू काय म्हणतो?"

हा माणूस उभ्या आयुष्यात बापापुढं बोलला नव्हता.

"मी हुतो तिथं," माधव म्हणाला. "मी माझ्या कानानं ऐकलं. ती म्हणती ते बराबर हाय. दोघी हितंच राहत्यात. तुमाला तकलीफ असंल तर आमी मळ्यात जाऊन राहतो."

"मळ्यात? तिथं छप्पर तरी हाय का?"

"घालीन."

भावानं थोडा वेळ वाट पाहिली, मग बैल परत जुंपले. रिकामी गाडी घेऊन तो बाळापूरच्या वाटेला लागला.

मळ्यात त्यानं दोन खणांचं घर घातलं. वर पत्रे टाकले आणि पहिल्या पावसात पत्र्यांचा ताशा सुरू झाला. धुरपता लिंबाखाली जाऊन भिजत बसली. दुसऱ्या दिवशी माधवनं पत्र्यांवर पाचटाचा जाड थर घातला. लोक हसले. पत्र्याच्या घराला वरून पाचट, असं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात माझी बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नव्या गावात गोठ्याच्या खांबाला बांधून ठेवलेला एक तरणा माणूस होता. कुणी जवळ गेलं की कान झाकून घ्यायचा. त्याच्या घरच्यांना मी खूप समजावलं, कापूस दिला, औरंगाबादचं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. तो तसाच बांधलेला वारला. धुरपतासारखा पाय रोवून विचारणारा आवाज त्याला नव्हता, आणि माझा पुरला नाही. ही एक सल नोकरीतून मी बरोबर घेऊन आले.

मी निवृत्त होऊन हिंगोलीला राहायला आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी एका सकाळी दारात धुरपता. केस पांढरे, लुगडं मऊ, जुनं. शोभा पुण्याला नोकरीला आहे. तिनं आईला तिथल्या तज्ज्ञांकडं नेलं होतं. चार बैठका झाल्या आणि त्यांनी साठीच्या बाईला ते नाव रीतसर दिलं, कागदावर, सहीशिक्क्यासकट.

"आता खोडत न्हाईत," धुरपता म्हणाली. एवढं सांगायला ती दोन एसट्या बदलून आली होती.

सरूबाई आता तिच्याजवळच असतात. थोरल्यानं आणि धाकट्यानं सांभाळायला नाही म्हटलं, तेव्हा माधव आईला मळ्यात घेऊन आला. न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं धुरपता करते.

"त्यांना सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं ना. पुण्याहून आल्या आल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, डॉक्टरांना इतके वर्सं लागले व्हय? मला तर तू उंबरा वलांडला त्याच दिशी कळलं हुतं."

मला हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. धुरपता हसली नाही. ती माझं हसणं संपायची वाट बघत बसली आणि मग म्हणाली, "तुमाला हसू काहून आलं? नीट सांगा."

मी सांगायला बसले. दुपारची बस निघून गेली, पण पुरतं समजेपर्यंत ती काही उठली नाही.